पोळपाटावरचे घोडे

"मन्हा पोयपाट कोठे शे?"

सासूबाईंचा हा प्रश्न स्वयंपाकघरातून निघाला, मधल्या भिंतीला त्याने जुमानलं नाही, आणि माझ्यापाशी पोचेपर्यंत तो एवढा फुगला होता की म्हसावदच्या स्टँडवर उभी असलेली शहादा गाडी हातभर मागे सरकली. कंडक्टर हे मान्य करत नाही. पण कंडक्टरने कधी काही मान्य केलंय?

पोळपाट माझ्यासमोरच होता, उलटा, पाय वर करून. मी त्याला तिसरं भोक पाडत होतो.

"मामी, पाच मिनिटं फक्त," मी म्हणालो.

"पाच मिनिटमा काय, पोया तुम्ही लाटशात?" त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात लाटणं होतं. आमच्या भागात सासू जावयाला फार मान देते. ताट आधी त्याला, पंखा त्याच्याकडे, बोलणं अहो-जाहोचं. हा मान नेमका कुठपर्यंत टिकतो हे शोधून काढणारा मी जिल्ह्यातला पहिला जावई. तो पोळपाटाच्या तिसऱ्या भोकापर्यंत टिकतो. "पुरा घरमा तुमले हाऊच एक पाट सापडना का, जवाईबापू?"

माझ्यामागे सासरे उभे होते. ते ताबडतोब झोपले. उभ्या उभ्या.

आता जावई असा सासुरवाडीच्या पोळपाटावर का उठला, हे सांगायचं तर मागे जायला हवं.

सासरे आयुष्यभर शाळेत गणित शिकवत होते. ऐन उमेदीत त्यांच्या शाळेत एक कॉम्प्युटर आला. तेव्हाचा कॉम्प्युटर म्हणजे एक जाडजूड कीबोर्ड. यंत्र सगळं त्याच्याच पोटात, आणि चित्र बघायला वायर जोडायची टीव्हीला. शेजारी भाकरीच्या डब्याएवढी एक पेटी. ती डिस्क ड्राइव्ह. तिच्या फटीत पापडासारखी लवलवणारी चौकोनी फ्लॉपी सरकवायची, की पेटी खडखडायची आणि कॉम्प्युटरला अक्कल यायची. बाकीचे मास्तर त्या खोलीवरून जाताना चपलांचा आवाज करत नसत. सासरे मात्र शाळा सुटल्यावर आत शिरायचे आणि अंधार पडला तरी बाहेर यायचे नाहीत.

आत ते सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा भरवत होते. टीव्हीवर तंबू, तापीचा काठ, आणि दोन घोडे, एक पांढरा, एक काळा. दोघांची शर्यत. अडचण एकच होती. त्या कॉम्प्युटरच्या गळ्यात एकच सूर होता, 'पीं'. पीं करणारा घोडा यात्रेत कोण विकत घेईल? तेव्हा सासऱ्यांनी जे केलं त्याबद्दल त्यांचा तापीच्या पुलावर पुतळा उभारायला हवा. घोड्याने पाऊल टाकलं, की ते ड्राइव्हला हुकूम सोडायचे: चल, फ्लॉपी वाचायचं तुझं डोकं एक घर पुढे, एक घर मागे. वाचायचं काही नाही, उगाच. ड्राइव्हचं डोकं हललं की आतून यायचं खडक, खडक. घोडे टीव्हीवर, टापा शेजारच्या पेटीत.

नेमकं तेव्हाच त्यांचं लग्न झालं होतं. सासूबाई सारंगखेड्याच्या. घोड्यांच्या दलालाची लेक, अंगणात शिंगरांच्या मागे पळून मोठी झालेली. नवीन नवरा रोज अंधारात घरी येतो म्हटल्यावर त्यांनी विचारलं, रोज काय करतस शाळामा? सासरे खरं बोलले. "घोडा पयाडस."

शाळेच्या खोलीत घोडे पळवणाऱ्या नवऱ्याबद्दल कुठलीही शहाणी बाई जो निष्कर्ष काढेल तोच त्यांनी काढला: जुगार, पत्त्यांचा. त्या मतावर त्या आजही ठाम आहेत. सासऱ्यांनी त्यांना शाळेत नेऊन शर्यत दाखवायचं ठरवलं, पण ते ठरेपर्यंत ड्राइव्हमध्ये उंदरीण बाळंत झाली. ड्राइव्ह गेली. पुढे शाळेने कॉम्प्युटर भंगारात काढला, तो सासऱ्यांनी ड्राइव्ह आणि फ्लॉपीसकट घरी आणला, जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवला, आणि तो तिथेच संसार करू लागला.

यंदा ऐन पपईच्या हंगामात सासरे ते लुगड्याचं गाठोडं घेऊन शहाद्याला माझ्या दुकानात आले. मी शेतातल्या मोटारींचे स्टार्टर दुरुस्त करतो. उगाच मोठेपणा सांगत नाही, पण मी एक दिवस दुकान उघडलं नाही तर तालुक्यातली केळी मान टाकतात.

"जवाई," ते म्हणाले, "हाई चालू करी द्या. यात्राना आगोदर."

"यात्रेच्या आधीच का, मामा?"

त्यांनी वर पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता. "ती यात्राले माहेर जास, अन् खरा घोडा देखी लिधात, की मंग मन्हा कोन देखी?"

म्हातारा माणूस एवढं एक वाक्य बोलून पंख्याकडे बघत बसला तर जावयाने काय करावं? मी स्क्रूड्रायव्हर उचलला.

ड्राइव्ह उघडली. त्या उंदरिणीच्या वंशाने आत गावठाण वसवलं होतं. मारुतीचं देऊळ तेवढं राहिलं होतं. पट्टा तुटलेला, डोकं गंजलेलं. म्हणून मी ठरवलं की ड्राइव्ह जिवंत करायचीच नाही, तिचा तोतया उभा करायचा.

हे तुम्हाला सारंगखेड्याच्या बाजारावरून लगेच कळेल. तिथे घोड्याचा सौदा तोंडाने होत नाही. घेणारा आणि विकणारा दोघं रुमालाखाली हात घालतात आणि एकमेकांची बोटं दाबतात. भाव त्या दोघांनाच कळतो. कॉम्प्युटर आणि ड्राइव्ह यांचा व्यवहारही हुबेहूब तसाच. चपटी रुंद केबल हा त्यांचा रुमाल. कॉम्प्युटर एक तार दाबतो: पुढच्या घरात जा. दुसरी दाबतो: वाच. ड्राइव्ह तिसरी दाबून म्हणते: घे. पलीकडे हात कोणाचा आहे हे कॉम्प्युटरला दिसतच नाही. तेव्हा मी चिप असलेली आगपेटीएवढी एक सर्किटची पाटी घेतली, तिला मेमरी कार्डाची खोबण जोडली, आणि तिला बोटांची सगळी भाषा शिकवली. व्यापारी मेला, त्याच्या जागी तोतया रुमालात हात घालून बसला, आणि कॉम्प्युटरला पत्ता नाही.

फ्लॉपीवरची यात्रा कार्डावर आणायला एक चालू ड्राइव्ह लागणार होती. सुरतेत जुनी यंत्रं सांभाळणारा एक गृहस्थ मिळाला. नंदुरबारहून गाडीत मी फ्लॉपी मांडीवर धरून नेली. समोरच्या बाईने विचारलं काय आहे, मी सांगितलं दोन घोडे, तर तिने आपल्या मुलाला माझ्यापासून लांब बसवलं. त्या गृहस्थाने फ्लॉपीवरची बुरशी कापसाने पुसली आणि सगळी यात्रा एका फाइलमध्ये भरून दिली. तंबू, तापी, घोडे, सगळं मिळून ती फाइल सासूबाईंना रोज येणाऱ्या सुप्रभातच्या फोटोपेक्षा लहान निघाली.

म्हसावदला पहिल्यांदा जोडलं तेव्हा केबल उलटी बसली. थोडा धूर झाला. त्याच क्षणी गावातली लाइट गेली. वायरमन म्हणतो तारेवर झाड पडलं होतं. पडू दे. मला माहीत आहे ते काय होतं.

दुसऱ्यांदा मात्र टीव्हीवर तंबू उगवले. तापी उगवली. दोन घोडे रेषेवर उभे राहिले आणि सासऱ्यांनी बटण दाबल्याबरोबर सुटले.

"बघा मामा," मी छाती पुढे काढून म्हणालो, "खडखड नाही, खुडखुड नाही. एकदम शांत यंत्र."

सासरे टीव्हीकडे बघत राहिले. "घोडा कोठे शेत?"

"हे काय, पळताहेत की."

"ह्या पयी नही ऱ्हायनात. ह्या सरकी ऱ्हायनात."

मला पटकन कळलं नाही. मग कळलं. ज्या पेटीत टापा होत्या ती पेटीच मी काढून टाकली होती. कार्डाला डोकंच नाही तर ते हलवणार काय?

"मामा, चित्र तर तेच आहे. आवाजाचं एवढं काय?"

सासरे रागावले की अहिराणी सोडून पुस्तकी मराठीत बोलतात. "उभे राहा," ते म्हणाले. मी राहिलो. "ती घोड्यांमध्ये वाढलेली आहे. न वाजणारा घोडा तिला दाखवून मी तिला काय सांगू?"

माझी बायको दारातून हे बघत होती. "बाकावर उभं करा त्यांना," ती म्हणाली, आणि निघून गेली.

मग मी टापांच्या मागे लागलो. आधी बझर लावला. डासांची शर्यत झाली. मोबाइलमध्ये खऱ्या टापांचा आवाज शोधून स्पीकरवर वाजवला, सासरे म्हणाले, "हाऊ घोडा सिनेमाना शे." शेवटी दुकानातल्या जुन्या स्टॅबिलायझरमधून रिले काढला. रिले म्हणजे आत लोखंडी जीभ असलेली डबी. वीज मिळाली की जीभ टक्क करून खाली पडते. कॉम्प्युटर जी तार दाबून 'एक घर पुढे' म्हणतो, त्याच तारेवर मी तो बसवला. टक्क आवाज आला. पण टेबलावर ठेवला तर टाइपरायटर, ताटावर ठेवला तर पत्र्यावर गारा. आम्ही दोघं सासरा-जावई घरभर रिले घेऊन फिरलो. पाटा, गादी, गव्हाची कोठी, देव्हाऱ्याची पायरी. सासूबाई शेजारी गेलेल्या, म्हणून स्वयंपाकघरातही गेलो, आणि मी तो उलट्या पोळपाटावर ठेवला.

टक्क नाही. टप्. टप्, टप्, टप्. कडक सुकलेल्या मैदानावरचा आवाज.

सासरे खालीच बसले. "हाऊच," ते म्हणाले.

रिले पक्का बसवायचा तर भोकं पाडणं आलं, आणि तिसऱ्या भोकाला सासूबाई परतल्या, तिथे आपण मघाशी होतो. लाटणं हातात. पिशवी भरून दाराशी ठेवलेली, कारण पोळ्या बांधून घेऊन त्या दुपारच्या गाडीने सारंगखेड्याला निघणार होत्या.

सासऱ्यांनी डोळे उघडले. "बठ जराशी."

"मन्ही गाडी निंघी जाई."

"जाऊ दे ना."

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग त्या गाठोड्यातून निघालेल्या यंत्राकडे, मग भोकं पडलेल्या पोळपाटाकडे. आणि काय झालं कोणास ठाऊक, बसल्या. लाटणं मांडीवर ठेवून.

मी स्क्रू आवळले, कार्ड खोबणीत सरकवलं आणि मनातल्या मनात सगळ्या देवांना हजर केलं. कॉम्प्युटरने रुमालाखाली बोट दाबलं, तोतयाने उलट दाबलं, तंबू उगवले. बायको कणकेचे हात घेऊन येऊन उभी राहिली. सासऱ्यांनी बटण दाबलं.

टप्, टप्, टप्.

काय सांगू तुम्हाला, गल्लीतलं कुत्रं बाजूला झालं. शेजारच्या गोठ्यातल्या म्हशीने मान वळवून रस्ता मोकळा दिला. पांढरा पुढे, काळा मागे, मग काळा बरोबरीला. सासरे बटणं दाबत होते, पण टीव्हीकडे बघत नव्हते. ते सासूबाईंकडे बघत होते. सासूबाईही घोडे एकदा बघून घेतल्यावर टीव्हीकडे बघत नव्हत्या. डोकं एका बाजूला कलतं करून त्या पोळपाटाकडे कान लावून बसल्या होत्या.

काळा जिंकला. पोळपाट गप्प झाला.  सासऱ्यांचा हात बटणावर तसाच राहिला होता.

"मंग?" ते म्हणाले.

"पांढरा लंगडस," सासूबाई म्हणाल्या.

"मामी, ते काय आहे," मी घाईघाईने समजावू लागलो, कारण त्यांचं बरोबर होतं. पांढऱ्याच्या चालीत ठोके फार जवळजवळ होते, आणि स्टॅबिलायझरमधला म्हातारा रिले दमून मधला एखादा ठोका गिळत होता. "रिले जुना आहे, त्याची जीभ..."

माझं कोणी ऐकत नव्हतं. सासरे खुर्ची पुढे ओढून सासूबाईंसमोर बसले होते.

"म्हंजे तुले घोडा वाटना का तो?" त्यांनी हरखून विचारलं.

सासूबाई उठल्या. पिशवी उचलली, पदर खांद्यावर घेतला.

"घोडा शे तं घोडाच वाटी," त्या म्हणाल्या. "मागली नाल बदली टाका."