जनीपुढची कबुली

कोर्लईचा इनास रोशा खाडीच्या दोन्ही काठांवर भला माणूस म्हणून ओळखला जायचा. १९२६ सालच्या दिवाळीनंतर अवचित तुफान आलं, त्यात रेवदंड्याचा हिरामण कोळी बुडाला, आणि त्यानंतर इनासचं नाव आणखीच झालं. कारण हिरामणच्या शोधात तो चार दिवस स्वतःची होडी घेऊन हिंडत होता. पाचव्या दिवशी त्याच्या हाताची सालटी निघाली होती. हिरामण सापडला नाही.

माझी आई रेवदंड्याच्या कोळीवाड्यातली. हिरामणच्या बायकोच्या, जनीच्या, भिंतीला लागून तिचं घर. तिने यातलं बरंचसं डोळ्यांनी पाहिलं. उरलेलं इनासनेच पुढे सांगितलं. पुढे सांगेन त्या शनिवारनंतर त्याने कुणापासून काही लपवलं नाही.

कोर्लईला किल्ल्याच्या पायथ्याशी किरिस्तावांची वस्ती आहे. पोर्तुगीज गेले, त्यांची बोली या घरांतून राहिली. पण खाडीपलीकडच्या कोळ्यांशी व्यवहार सगळा मराठीत. दोन्हीकडची माणसं खाडीच्या तोंडाशीच मासे मारायची. तिथे तळात उंच खुंट रोवून जाळं बांधतात. ज्याचा खुंट, त्याची जागा. अशाच एका जागेवरून इनास आणि हिरामणचं वाजलं होतं. पंच बसले, जागा हिरामणला मिळाली. इनासने मान डोलावली आणि घरी गेला. लोक म्हणाले, माणूस समजूतदार.

तुफानाच्या दिवशी दोघंही आपापल्या होडीत एकटे होते. इनास परतला तो एकटाच. कोळीवाडा किनाऱ्यावर जमला होता. जनीने विचारलं, "हिरामण दिसला?"

"उलटी होडी दिसली. माणूस न्हाय दिसला."

या एका वाक्यावर जनी पुढे अडीच वर्षं जगली. बुडताना कुणी पाहिला नाही, प्रेत मिळालं नाही, म्हणजे एखाद्या फत्तेमारी गलबताने त्याला उचलून घेतला असेल. कराचीला नेला असेल, बसऱ्याला नेला असेल. तिने कुंकू पुसलं नाही, बांगड्या फोडल्या नाहीत. बंदरावर परगावचं गलबत लागलं की ती टोपली खाली ठेवून खलाशांना विचारायला जायची. उजव्या भुवईवर व्रण असलेला माणूस कुठे दिसला का? हिरामणचा धाकटा भाऊ हरेश्वर तिला समजवायचा, "वैनी, दर्भाचा पुतळा करून अग्नी देऊ. दादा असा अधांतरी किती दिवस ठेवायचा?"

"बारा वर्षं थांबायची रीत हाय. मी थांबेन. इनासभाऊंनी काय सांगितलं ते इसरलास?"

इनास मासळी घेऊन रेवदंड्याला आला की ती त्याला गाठायची. "भाऊ, तुम्ही बुडताना पाहिलं न्हाय ना?"

"न्हाय."

दर खेपेला एवढंच. मग ती हसून जायची. आई सांगायची, जनी वळली की इनासचा चेहरा असा व्हायचा, जणू कुणी त्याच्या पाठीत गुडघा रोवलाय. आईला वाटायचं, बिचाऱ्याला तिची कणव येते.

१९२९ साली, ईस्टरआधीच्या उपवासकाळात, कोर्लईच्या चर्चमध्ये वसईकडचा एक पाद्री प्रवचनांना आला. वाळका, दम्याचा, आवाज मागच्या बाकापर्यंत जेमतेम पोचायचा. इनास मागच्याच बाकावर बसायचा. पवित्र आठवड्यात पाद्री म्हणाला, "शेजारच्या गावात दुसरा जन्म म्हणजे मेल्यानंतरचा. आपल्यात तो जिवंतपणी घ्यायचा असतो. पण त्यालाही आधी मरावं लागतं. कुणी मरायचं? सगळं गाव ज्याला भला म्हणतं आणि जो मुळात तसा नाही, त्या माणसाने."

बुधवारी दुपारी इनास पापनिवेदनाच्या जाळीपाशी गुडघे टेकून बसला आणि हिरामणचं सगळं सांगितलं. सांगता सांगता रडला. पाद्रीने त्याला रडू दिलं. मग विचारलं, "ती बाई तुला शेवटचं कधी भेटली?"

"काल."

"काय विचारलं?"

"नेहमीचंच."

"आणि तू?"

इनासने जाळीवरचा हात काढून घेतला.

"म्हणजे तू मला अडीच वर्षांपूर्वीचं पाप सांगतोयस, आणि कालचं लपवतोयस. जे चालूच आहे त्याची क्षमा मी कशी सांगू?"

"फादर, खरं सांगितलं तर माझ्या तोंडून ती विधवा होईल. आशेवर जगतेय, जगू दे की. मी दया करतोय तिच्यावर."

"ती विधवा झालेलीच आहे. फक्त तुला ठाऊक आहे आणि तिला नाही. ही दया तिच्यावर आहे की तुझ्यावर, ते बघ." पाद्रीला खोकल्याची उबळ आली. ती थांबल्यावर तो हळू म्हणाला, "मी तुला ओढत नेणार नाही. इथे ऐकलेलं माझ्याबरोबर मातीत जाईल. पण ती पुन्हा विचारेल तेव्हा खोटं बोलणार नाही, एवढं मनापासून म्हणता आलं तर ये. सोमवारपर्यंत मी इथे आहे."

इनास तसाच उठून आला. गुरुवारी तो कामावर गेला नाही. शुक्रवारी क्रुसाची मिरवणूक निघाली, त्यात सगळ्यांच्या मागून चालला. घरी आल्यावर त्याने बायकोला, कोन्सूला, ओसरीवर बसवलं आणि सांगितलं.

कोन्सूने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "म्हणून तू अडीच वर्षं ख्रिस्तप्रसाद घेत नाहीस. मला वाटलं, दुसरी बाई आहे. मी त्या बाईला शोधत होते सगळीकडे."

"उद्या जातो पलीकडे."

"कोळी तुला कापतील. आपली मूठभर घरं. पाणी एक, बाजार एक. त्यांनी घरं पेटवली तर?" तिने त्याचं मनगट धरलं. "फादरला सांगितलंस ना? देवाने ऐकलं. बस झालं."

"देवाला पहिल्यापासून माहीत होतं. तिला माहीत नाही."

सकाळी कोन्सूने त्याला पेज वाढली. त्याने ती खाल्ली नाही. होडी लोटायला मात्र ती कमरेएवढ्या पाण्यात आली.

शनिवारी जनी वाळूवर बोंबील वाळत घालत होती. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. आई पलीकडच्या दोरीपाशी होती. इनासला बघून जनी नेहमीसारखी म्हणाली, "भाऊ, आज मोकळ्या हातानं?" आणि मग तेच, "तुम्ही बुडताना..."

"पाहिलं," इनास म्हणाला.

तिचे हात थांबले नाहीत. तिने आणखी एक जोडी अडकवली. "काय पाहिलं?"

"हिरामण उलट्या होडीला धरून होता. जिता होता. मी जवळ गेलो होतो."

"किती जवळ?"

"वल्हं लांब केलं असतं तर त्याच्या हाताला लागलं असतं."

"मग?"

"केलं न्हाय. सुकाणू फिरवलं. जागेचा राग होता. एक परार्थना म्हणायला जेवढा येळ लागतो तेवढा मी त्याच्याकडं पाठ करून होतो. मग मला भ्या वाटलं, परत वळलो. तोवर त्याचा हात सुटला होता. माझ्या डोळ्यांदेखत खाली गेला."

जनीने विचारलं, "बोलला काय?"

तिने पुन्हा विचारलं, तेव्हा इनास वाळूकडे बघत म्हणाला, "मला पाहून म्हणाला, इनास, बरं झालं आलास."

आई म्हणायची, आम्ही सगळ्या बाया तशाच उभ्या. जनी खाली बसली. हातातला बोंबील तिने मांडीवर ठेवला आणि त्याचं डोकं बोटाने चोळत राहिली.

कुणीतरी हरेश्वरला हाक मारली. तो होडीतलं वल्हं घेऊनच धावत आला. इनास हलला नाही, हातही वर केला नाही. पहिला घाव डाव्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज आईला ऐकू आला. इनास गुडघ्यांवर आला. हरेश्वरने वल्हं पुन्हा उचललं, आता डोक्याच्या वर. माणसं धावत येत होती. कुणाच्या हातात कोयता होता.

"थांब!" जनी ओरडली. "मारू नको त्याला. हा मेला तर ती जागा मला कोण दाखवील?"

वल्हं वरच राहिलं. जनी उठली, दोघांच्या मधे येऊन उभी राहिली आणि इनासला म्हणाली, "ऊठ. जागा दाखव."

मोडक्या खांद्याने त्याला होडीत घातलं. हरेश्वरने वल्ही मारली, जनी पुढे बसली. मागून सात-आठ होड्या निघाल्या. खाडीच्या तोंडाबाहेर, किल्ल्याचा बुरूज डावीकडे दिसतो तिथे इनासने थांबायला सांगितलं. हरेश्वर त्याला तिथेच ढकलून देणार असं सगळ्यांना वाटत होतं. इनासलाही वाटत होतं. तो पुढे सांगायचा, "मी मनात तयारी केली होती. पोहणार न्हाय, असं ठरवलं होतं." जनीने होडीच्या काठावर मनगटं आपटली. काचा पाण्यात गेल्या. कुंकू तिने खाऱ्या पाण्याने पुसलं. हरेश्वर वल्हं मांडीवर टाकून हमसून रडायला लागला. मग कुणी कुणाला मारायचं राहिलंच नाही.

त्या संध्याकाळी इनास हात गळ्यात बांधून चर्चमध्ये गेला. पाद्रीने खांद्याकडे पाहिलं आणि क्षमेचे शब्द म्हटले. दुसऱ्या दिवशी पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, सणाला कोन्सूने त्याला धरून पुढच्या बाकावर नेलं. तिथे बसलेली दोन कुटुंबं उठून मागे गेली.

सुटल्यासारखं वाटलं का, असं लोक त्याला विचारायचे. तो म्हणायचा, "न्हाय. सगळ्या अंगाला वारा झोंबत होता. मूल जन्मलं की रडतंच की."

पुढच्या आठवड्यात कोळीवाड्याने दर्भाचा पुतळा करून हिरामणला अग्नी दिला. पंचांनी इनासला खाडीच्या तोंडाशी जाळं लावायची कायमची बंदी केली. त्याने कुरकुर केली नाही; उरलेला स्वतःचा खुंटही हिरामणच्या घराला लिहून दिला. खांदा कधी धड झाला नाही. तो दारात बसून दुसऱ्यांची जाळी विणायचा, सांधायचा. काही जण त्याच्या दारावरून जाताना थुंकायचे. नवखा कुणी आला आणि म्हणाला, तुम्ही म्हणे हिरामणला चार दिवस शोधलंत, की तो हातातली सुई थांबवून सगळं पहिल्यापासून सांगायचा. कोन्सूला ते आवडायचं नाही. "गप्प बसलास तरी चालेल आता," ती म्हणायची. तो ऐकायचा नाही.

जनीने पाट लावला नाही. ती पाच-सहा वर्षं त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. ३५ साली एकदा ती फाटकं जाळं खांद्यावर टाकून कोर्लईला आली, बरोबर माझी आई होती. तसं जाळं सांधणारा आसपास दुसरा कुणी नव्हता. जनीने ते त्याच्या पुढ्यात टाकलं.

"माफ केलं, असं मी म्हणणार न्हाय," ती म्हणाली. "प्रयत्न केला. येत न्हाय मला."

"मी मागितली न्हाय," इनास म्हणाला.

"व्हय. ते बरं केलंस." ती उंबऱ्याबाहेरच टेकली. म्हणाली, "गलबत लागलं की अजून पाय उठतात माझे. मग आठवतं. मग घरी जाते, भात शिजवते. तू सांगितलंस त्या राती कितीतरी वर्षांनी पयल्यांदा झोप लागली, ते पण खरं हाय." मग तिने विचारलं, "तुमच्यात म्हणे जित्यापणी नवा जन्म मिळतो. तुला मिळाला?"

इनासने भोकात बोटं घालून फाटलेला भाग मोजला. "मला न्हाय सांगता येत, जनी. पयला संपला, एवढं म्हाईत हाय."

ओहोटी लागायला अवकाश होता, म्हणून जनी आणि आई तिथेच बसून राहिल्या. कोन्सूने बाहेर येऊन पाण्याचा तांब्या ठेवला. इनास उजव्या हाताने विणत होता आणि जाळ्याचं दुसरं टोक त्याला नीट धरता येत नव्हतं, तेव्हा जनीने ते पायाच्या अंगठ्याखाली ताणून धरलं.