मायच्या आण्यावरचा चौथा आकडा

मास्तरने मला फसवलं. जाफरगेटच्या रविवारच्या बाजारात जुनी नाणी मांडून बसणारा हा माणूस, सगळे त्याला मास्तर म्हणतात. त्याने मला अर्धी विद्या दिली आणि पुरी दिली म्हणून सांगितलं. भोगलं मात्र माझ्या मायने.

मी भोळा नाही. सायकलला पोतं बांधून भंगार गोळा करण्यापासून सुरुवात केली. आज उस्मानपुऱ्यात माझं स्वतःचं जुन्या वस्तूंचं दुकान आहे. पितळी डबा बोटाने वाजवून तो कुठे सांधलाय ते मी सांगतो. घासाघीस केल्याशिवाय मी काही घेत नाही, आणि माझा राग सगळ्या बाजाराला ठाऊक आहे.

निजामाच्या वेळची निकेलची नाणी हाताहातांतून फिरून गुळगुळीत होतात आणि साल पुसलं जातं. पण ठसा मारताना आकड्यांखालचा धातू दाबलेला असतो. ॲसिड त्या दाबलेल्या जागेला वेगळं खातं, म्हणून गेलेलं साल पुन्हा दिसतं. मास्तरला हे जमायचं. मी विचारलं, "शिकवायचे काय घ्याल?"

"निजामाचा चांदीचा रुपया. तुमच्या कपाटात हाय, मी बघितलाय."

"रुपया? मास्तर, कॉलेज काढताय का? अधेली देतो, अर्ध्या रुपयाचं नाणं. चांदीचंच."

"शेठ, तुम्ही यमासंगं बी भाव कराल."

"करीन की. पण सगळं शिकवायचं, बरं का."

अर्ध्या तासाने त्याने अधेली खिशात टाकली. "सगळं शिकवतो," म्हणाला. कापसाच्या काडीवर ॲसिडचा एक थेंब, सालाच्या जागी ठेवायचा, आकडे वर आले की धुवायचं. माझ्यासमोर तीन नाण्यांवर करून दाखवलं. मीही दुकानातल्या पंधरा-वीस नाण्यांवर केलं, एकही चुकलं नाही. ॲसिडने काढलेलं साल मी गिऱ्हाइकाला तसं सांगूनच विकतो. जागा खडबडीत दिसते, जाणकार तोंड वाकडं करून निम्मा भाव देतो. देऊ दे. माल काय आहे ते मी लपवत नाही.

मग मी मायचा आणा काढला.

तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात एक चौकोनी आणा असतो. ती जन्मली तेव्हा तिच्या बापाने पैठणच्या बाजारात जाऊन त्याच साली पाडलेला कोरा आणा मागून आणला, कोपऱ्याला भोक पाडलं आणि तिच्या गळ्यात बांधला. त्याला लिहिता येत नव्हतं. लेकीचा जन्म त्याने असा लिहून ठेवला. ऐंशीच्या वर वर्षं अंगाला घासून साल गेलं. आधारवर तिचा जन्म एक जानेवारीचा आहे आणि साल कुणाच्या तरी अंदाजाचं. माय म्हणायची, "माझं खरं वय ह्या आण्यात हाय. मरायच्या आधी एकदा कळू दे."

स्वयंपाकघराच्या ओट्यावर बशीत आणा ठेवला. माय स्टूल ओढून बसली. थेंब टाकला. पहिला आकडा आला, दुसरा आला, तिसरा आला. चौथा निम्माच.

"काय म्हणतंय?" तिने विचारलं.

"थांब माय, एकच राहिलाय."

"नाय आला तर राहू दे. तीन तर आले."

मी थांबलो नाही. दुसरा थेंब टाकला. चौथा वर आलाच नाही आणि आधीचे तीनही डोळ्यांदेखत विरून गेले. उरला एक करडा, खरखरीत डाग. आधीच्या तिघांवरून फक्त दशक कळलं, आणि ते तर आम्हाला ठाऊकच होतं. मायने आणा पुसून पुन्हा गळ्यात घातला. "जाऊ दे," म्हणाली, "मोजणाराच गेला, आता मोजून काय करायचं?" त्या दिवशी ती जेवली नाही.

रविवारी मी मास्तरच्या फडक्यापुढे उभा राहिलो. काय झालं ते ओरडूनच सांगितलं. माणसं जमली. तो शांतपणे म्हणाला, "अधेलीत अधेलीएवढंच येतं, शेठ."

मी दुसरी अधेली त्याच्या फडक्यावर आपटली. आयुष्यात पहिल्यांदा भाव न करता. "आता सांगा राहिलेलं."

त्याने ती उचलून खिशात टाकली. "दुसरा थेंब टाकायचा नसतो. दिसंल तेवढं वाचायचं, लगेच सोड्याच्या पाण्यात बुडवायचं."

"आणि गेलेलं?"

"गेलेलं येत नाय."

लोक मलाच हसले: घासाघीस केली, भोग आता. मी ते मानत नाही. मी घासाघीस केली ती भावाची. भाव पटला नाही तर "देत नाही" म्हणायचा हक्क मास्तरला होता. पण भाव कबूल करून मापात मारायचं आणि "सगळं शिकवतो" म्हणायचं, याला धंदा म्हणत नाहीत. भाव अधेलीवर आला म्हणून मी कुणाला अर्धी घागर विकलेली नाही.

दोन्ही अधेल्या त्याने ठेवाव्यात. मला त्या नकोत. त्याने फक्त माझ्या घरी यावं, मायसमोर त्या स्टुलावर बसावं, तिच्या गळ्यातला आणा हातात घ्यावा आणि तिला सांगावं की आता तिने स्वतःचं वय किती धरायचं.