पाच पक्ष, एक टेकडी

डोमाजीभाऊ बोरकुटे यांचा आणि माझा परिचय त्यांच्या बदनामीतून झाला, आणि ती बदनामी मीच केली होती. चंद्रपूरच्या एका साप्ताहिकात मी तिरकस सदर लिहीत असे. भाऊ तेव्हा आमदार होते आणि त्यांनी नुकताच पक्ष बदलला होता. 'आमदारसाहेबांनी आजवर चार पक्षांना आपली सेवा करण्याची संधी दिली,' असे मी लिहिले. अंक निघाला त्याच दुपारी भाऊ कार्यालयात हजर. मागे दोनतीन कार्यकर्ते, सगळेच मानेने जाड. संपादक चहा सांगायला म्हणून मागच्या दाराने गेले. चहा आला, ते आले नाहीत. भाऊंनी माझ्यासमोर अंक पसरला, त्या वाक्यावर बोट ठेवले आणि म्हणाले, "हे चूक हाये. चार नाई, पाच. मधात एक पक्ष मीच काढलो होतो. तो कोणीच ध्यानात ठेवत नाई. तुमी लिवणारे माणसं, तुमी तरी ठेवा ना बा!"

तेव्हापासून मी ठेवला आहे. आज त्यांच्या अमृतमहोत्सवानिमित्त तो पक्ष इथे नोंदवतो, म्हणजे निदान या गौरवग्रंथात तरी तो टिकेल.

भाऊंच्या कार्याविषयी इतर मान्यवर विस्ताराने लिहितीलच. मी फक्त एका रपट्याविषयी, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या फरशीपुलाविषयी लिहितो. चामोर्शीच्या पलीकडे नाल्याकाठी एक गाव आहे. तिथली एसटी नाल्याच्या अलीकडूनच वळून जायची आणि बाजाराच्या दिवशी बायाबापड्या डोक्यावर ओझी घेऊन नाला उतरायच्या. भाऊंनी पत्रे लिहिली. उत्तर ठरलेले, रस्ता एसटीच्या योग्यतेचा नाही. शेवटी एका बाजाराच्या दिवशी भाऊ स्वतः त्या एसटीत चढले, ड्रायव्हरच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "आज पलीकडे जाऊ."

"भाऊ, फसन ना गाडी!"

"फसली तं मी हावो. तू चाल."

गाडी नाल्याच्या मधोमध अशी फसली की चाके दिसेनाशी झाली. लोक उतरून घरी गेले, भाऊंवर शासकीय कामात अडथळा आणल्याचा गुन्हा दाखल झाला, आणि गाडी तिथेच राहिली. लोकांच्या अर्जाला कधी न हललेले साहेब आपल्या गाडीसाठी मात्र धावत आले. ती बाहेर काढायला दगड टाकावे लागले, दगडांवर मुरूम, मुरुमावर सिमेंट. गाडी निघाली आणि रपटा राहिला. आजही एसटी त्यावरूनच जाते. हे सारे ठरवून केले होते का, असे मी भाऊंना एकदा विचारले. ते म्हणाले, "अजी, मले वाटलं होतं जाईन म्हून. अंदाज चुकला. पण चुकाचं तं माणसानं अर्धवट चुकू नये."

भाऊंच्या साळ्याला मिळालेल्या रस्त्याच्या कंत्राटाविषयी या ग्रंथात काही येऊ नये, असे संपादक मंडळाने मला आडून सुचवले आहे. मीही आग्रह धरत नाही. सोहळ्याला येणारे पाहुणे त्याच रस्त्याने येणार आहेत; जे सांगायचे ते रस्ता सांगेल.

भाऊंच्या स्वभावाचा एक विशेष मात्र मला स्वानुभवाने ठाऊक आहे. मयतीला पुढारी येतातच. गर्दी असते, फोटो असतो. भाऊ त्या दिवशी येतातच असे नाही. माझे वडील भद्रावतीला वारले तेव्हा ते आले नाहीत, आणि मी मनात एक बोचरा लेख जुळवूनही ठेवला. तेरवी झाली, पाहुणे पांगले, घरात आई आणि मी दोघेच उरलो. अशा एका रिकाम्या दुपारी भाऊ एकटेच आले. वडिलांविषयी एक शब्द बोलले नाहीत. आईला म्हणाले, "बाई, भूक लागली. काई हाये का?" आई किती दिवसांनी चुलीपाशी... म्हणजे गॅसपाशीच, उभी राहिली. भाकर आणि वांग्याची भाजी झाली. भाऊंनी पोटभर जेवून भाजीत मीठ जास्त झाल्याची तक्रार केली, आणि आई त्यांच्याशी चक्क भांडली. वडील गेल्यानंतर त्या घरात कोणी मोठ्याने बोलले ते त्या दिवशी प्रथमच. पुढे कळले, भाऊ सगळीकडे असेच उशिरा जातात आणि जेवायला मागतात.

आता कोहकाटोल्याची गोष्ट. माझ्या मते भाऊंचा सत्कार करायचा तर तो याच एका दिवसासाठी करावा.

गडचिरोलीच्या जंगलातले हे छोटे गोंड गाव. गावामागे टेकडी, टेकडीवर त्यांच्या देवाचे ठाणे, आणि टेकडीच्या पोटात लोखंड. एका कंपनीला ते लोखंड हवे होते आणि त्यासाठी ग्रामसभेची संमती लागत होती. भाऊ आदली निवडणूक हरले होते. पक्षाने सांगितले, गावाचा होकार आणा आणि तिकीट घ्या. त्या वयात हे तिकीट शेवटचेच, हे भाऊंनाही कळत होते. ते निघाले, लिहायला काहीतरी मिळेल म्हणून मीही सोबत गेलो. गाडीत माईक, जनरेटर आणि भाऊंच्या खिशात भाषण. रोजगार, शाळा, दवाखाना, सगळे त्यात होते.

मोहाच्या झाडाखाली गाव गोलाकार बसले होते. कार्यकर्ते माईक जोडू लागताच गावचे प्रमुख, त्यांना तिथे भूमिया म्हणतात, शांतपणे म्हणाले, "ते राहू द्या. पाहुणे शेवटी बोलतात. आधी गाव."

त्या गावाची ही रीतच आहे. हात वर करून मोजणी नाही. प्रत्येकाने बोलायचे, बाकीच्यांनी ऐकायचे, आणि सगळ्यांचे एक होईपर्यंत उठायचे नाही. भाऊ खाली मातीत बसले. सकाळ टळली. लोक गोंडीत बोलत होते. गोंडीत भाऊंना मत तेवढे मागता येते, पण समजते सगळे; मला शेजारचा एक जण हळूच मराठीत सांगत होता. एकाने टेकडीवर वेचायच्या टेंभराच्या फळांचे आणि चारोळीचे सांगितले, एकीने टेकडीवरून येणाऱ्या झऱ्याचे. एक तरणा उठून म्हणाला की त्याला नोकरी पाहिजे, खाण येऊ द्या. त्याला कोणी खाली बसवले नाही. तेवढ्याच शांतपणे ऐकले, आणि मग त्याच्याच काकाने त्याला विचारले, खाण संपल्यावर काय करशील? ज्या माणसाला प्रास्ताविकालाच तास लागतो तो तोंड मिटून बसला होता, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो.

ऊन कलताना सोमारीबाई उठल्या. गावातल्या सर्वांत वयस्क. त्या मुद्दाम मराठीत बोलल्या, म्हणजे कोणाशी बोलतात ते सगळ्यांना कळावे. "भाऊ, तुले मी लहानपणापासून पाहून राह्यली. तू पक्ष बदलला, आमी हासलो. मंग पुन्हा बदलला, आमी पुन्हा हासलो. आता एकदा मन बदलून दाखव ना रे. पाहू दे आमाले, जमते का तुले!"

सगळे गाव हसले. भाऊ हसले नाहीत. त्यांची पाळी आली तेव्हा ते उठले, भाषण खिशातून काढले, पाहिले आणि परत ठेवले.

"मी सांगाले आलो होतो," ते म्हणाले. "आता सांगासारखं काई राह्यलं नाई."

"मंग का करशील?" सोमारीबाईंनी विचारले.

"तुमी ठरवान तेच चंद्रपुरात जाऊन सांगीन."

मागून पक्षाचे तालुकाध्यक्ष कुजबुजले, "भाऊ, तिकीट जाईन ना!"

"जाईन," भाऊ म्हणाले आणि खाली बसले.

गाव एकमताने नाही म्हणाले. तो नोकरीवाला तरणाही शेवटी काकाशेजारी जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी भाऊंनी चंद्रपुरात पत्रकारांना बोलावून ते जसेच्या तसे सांगितले, एक शब्द वाढवला नाही. तिकीट गेले. कार्यकर्ते गेले. साळाही गेला, तो कंपनीच्या गाड्यांच्या कामावर. एका विरोधकाने 'हा बोरकुट्यांचा सहावा पक्ष' असा टोमणा मारला, तेव्हा भाऊ म्हणाले, "हा मी काढलो नाई. यात मले घेतलं." माझ्या सदरासाठी वाक्य चांगले होते, पण मला त्यावर विनोद करता आला नाही. धंद्याच्या दृष्टीने तो आठवडा वाया गेला.

कंपनी कोर्टात गेली आणि टेकडीचा खटला आजही नागपुरात चालू आहे. दर तारखेला गावकरी निघतात आणि भाऊ त्यांच्यासोबत एसटीने जातात. वकिलाशी तेच बोलतात, कोर्टाच्या आवारात झाडाखाली सगळ्यांबरोबर डबा खातात, तारीख मिळाली की परत येतात.

यंदा उन्हाळ्यात भाऊंची छाती दुखली आणि त्यांना चंद्रपूरच्या दवाखान्यात ठेवावे लागले. मी भेटायला गेलो तेव्हा सोमारीबाई खाटेशेजारी फरशीवर बसल्या होत्या. भाऊंना दम देत होत्या, "निकाल लागेस्तोवर मराचं नाई. मंग तुही मर्जी."

भाऊ नळ्या लावलेल्या हाताने मला खुणावून म्हणाले, "आयकून राह्यले ना? कोर्टाची चाल पाहता ही बाई मले अमर करून राह्यली!"

बाई हसल्या नाहीत. पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "हासू नको. आमचं कोणी हाये का तिथं दुसरं?"

डोमाभाऊ, तुमच्यावर आयुष्यभर वाकडे लिहिणाऱ्या माणसाने आज सरळ काय मागावे? गोळ्या वेळेवर घ्या. भजी सोडा. कोर्टाचे जिने हळू चढा. निकाल टेकडीच्या बाजूने लागो, आणि तो ऐकायला तुम्ही तिथे असा. त्यानंतरही पुष्कळ वर्षे ठणठणीत राहा, काही कारण नसताना.