शाळेत दिलेला पाट

विनोद शिगवणच्या डिस्चार्ज बुकात शेवटून दुसऱ्या पानावर जांभळ्या शाईचा एक शिक्का आहे. ‘पुनर्वसन प्रशिक्षण’ या ओळीपुढे इंग्रजीत एकच शब्द : ‘अव्हेल्ड’. दोन वर्षं विनोदला वाटत होतं की हे ‘अव्हेलेबल’चंच आखूड रूप. म्हणजे आपली संधी शिल्लक आहे, हवी तेव्हा जाऊन मागायची. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, रत्नागिरीत माजी सैनिकांचे अर्ज घेतात त्या कार्यालयात, सुभेदार मुळीक यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि त्या शब्दाचा अर्थ त्याला सांगितला.

“घेतली. सुविधा घेतली. तुमचा कोर्स तुम्ही खाल्लाय, शिगवण.”

“खाल्ला कुठं, साब? एकोणीस दिवस तर बसलो होतो.”

“पंगतीला बसला, पान मांडलं, भात वाढला, आन तुम्ही उठून गेला. पान तर वापरलं का न्हाई?”

मुळीक साताऱ्याकडचे. फौजेत अठ्ठावीस वर्षं काढून आता कंत्राटावर या टेबलाशी बसतात. कोकणात येऊन सहा वर्षं झाली तरी त्यांना इथली माशाची आमटी चालत नाही आणि इथल्या माणसाचं बोलणं अर्धंच कळतं. पण नियम त्यांना पाठ आहेत, आणि नियमातली फटही.

विनोद ज्या कोर्ससाठी आला होता तो सहा महिन्यांचा होता : कारखान्यातली सुरक्षा आणि आग विझवणं. माजी सैनिकांना फी माफ. आधीच्या बॅचमधले दोघं लोट्याच्या कारखान्यांत सुपरवायझर झाले होते. अर्जाची शेवटची तारीख शुक्रवार, सत्तावीस जून. वयाची अट चाळीस. विनोदला सप्टेंबरात चाळीस पुरी होत होती. ही बॅच हुकली की दार बंद.

सतरा वर्षं नोकरी करून लान्स नायक म्हणून सुटल्यावर विनोद मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एका काजू कारखान्याच्या फाटकावर उभा राहतो. बारा तासांची ड्यूटी. आलेल्या-गेलेल्या गाड्यांचे नंबर वहीत लिहायचे आणि संध्याकाळी बायका सुटल्या की त्यांच्या पिशव्या तपासायच्या. पहिलं काम त्याला जमतं, दुसरं जमत नाही. एकदा एकीने पिशवी त्याच्या नाकासमोर धरली आणि म्हणाली, “बघा, बघा, बॉम्ब आहे.” सगळ्या हसल्या. विनोदही हसला. घरी येऊन त्या दिवशी तो जेवला नाही.

मुळीकांनी एक कोरा फॉर्म पुढे सरकवला. प्रशिक्षण अर्धवट सोडलेल्यांना सवलत मिळू शकत होती, पण कारण हवं. फॉर्मवर चार चौकटी होत्या : स्वतःचा आजार, जवळच्या नातेवाइकाचा आजार वा मृत्यू, नैसर्गिक आपत्ती, आणि इतर.

“इतरवर कुणी जात न्हाई,” मुळीक म्हणाले. “का सोडला होता कोर्स?”

“गणपतीसाठी.”

मुळीकांनी चष्मा खाली घेतला. “आवं, अख्ख्या आयुष्यात एकदा मिळतो तो कोर्स. गणपती दर साली येतो.”

“मला दर साली मिळत नव्हता ना, साब.”

“ते खरं. पण ते चौकटीत बसत न्हाई. आई हाय का? मग आईचं आजारपण टाका. डॉक्टरचा कागद जोडा. शुक्रवारी घेऊन या. जुनी फाइल मी मागवून ठेवतो, तिकडनं स्कॅन करून पाठवत्यात.”

घरी बायकोने, दीपालीने, ऐकून घेतलं आणि लगेच मान हलवली. “लिहा ना आईंचं आजारपण. कोण मरतंय त्यानं?” मग जरा थांबून म्हणाली, “मनस्वी शाळेच्या फॉर्मवर अजून वडिलांचं काम ‘आर्मी’ लिहिते. मी खोडायला सांगितलं नाही.”

मनस्वी, त्यांची मुलगी, सातवीत होती.

कोर्स सोडला ती गोष्ट अशी. नोकरीच्या शेवटच्या वर्षी त्याला पंजाबातल्या एका संस्थेत सोळा आठवड्यांचं प्रशिक्षण मिळालं होतं, गोदाम सांभाळण्याचं. तुकडीतल्या चौघांनी मागितलं होतं, मिळालं एकट्याला. दोन आठवडे झाले आणि गावाहून आईचा फोन आला. वडील आदल्या वर्षी गेले होते, वर्षश्राद्ध नुकतंच झालं होतं. आईने पाऊसपाणी सांगितलं, गाईचं सांगितलं आणि म्हणाली, “पाट शाळेत दिलाय.”

कोकणात एवढं पुरतं. घाटावर समजावून सांगावं लागतं, की गणपती जिथे घडवतात त्या जागेला इथे शाळा म्हणतात, श्रावणात घरचा पाट त्या शाळेत नेऊन देतात, त्याच पाटावर घरची मूर्ती होते आणि घरचा कर्ता माणूस ती डोक्यावरून घरी आणतो. वडिलांनंतर थोरला विनोद. सतरा वर्षांत त्याला गणपतीची रजा तीनदा मिळाली होती आणि तिन्ही वेळा तो वडिलांच्या मागून झांज वाजवत चालला होता.

त्याने रजेचा अर्ज केला, नामंजूर झाला. मग त्याने ‘स्वतःच्या विनंतीवरून’ कोर्स सोडला, तुकडीत परत गेला, शिल्लक वार्षिक रजा घेतली आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी गणपती घरी आणला. जानेवारीच्या बॅचला बसू, असा त्याचा हिशेब होता. असं होत नाही, हे त्याला कोणी सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. दीपालीने विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, आईने बोलावलं. पुढची दोन वर्षं तो हेच सांगत आला.

बुधवार-गुरुवारची ड्यूटी दुसऱ्याला देऊन विनोद मंडणगडच्या एसटीत बसला. तिथून गाव आणखी अकरा किलोमीटर. आई, सावित्रीबाई, पडवीत बसून फणसाच्या आठळ्या सोलत होत्या. मुलाने पाणी पिऊन होईपर्यंत त्यांनी काही विचारलं नाही. तो आडवारी आला म्हणजे काम असणार, हे त्यांना दिसतच होतं.

“आये, एक कागद करायचाय. त्या साली गणपतीत तू आजारी होतीस असा.”

“कुठल्या साली?”

“बाबांच्या नंतरच्या.”

“त्या साली मी वाडीतल्या एकवीस घरांत आरतीला फिरले. आजारी कधी पडले?”

“कागदावर, आये.”

तिने एक आठळी सोलून टोपलीत टाकली. “कागदावर होय? मग लिही. माझं काय जातं? उद्या ये बोललास तर डॉक्टरकडे पण येते, कण्हते पण. पण बाबल्या, मी आजारी म्हणून तू आलास असं लिहिणार?”

घरात त्याला बाबल्याच म्हणतात.

“होय.”

“बरं. बाकी तू आलास कशाला ते मला अजून कळलं नाय.”

विनोदला वाटलं ती थट्टा करतेय. “तूच नाय काय फोन केलास? पाट शाळेत दिलाय बोललीस.”

“दिलाच होता. गुरूच्या नावाने.” गुरुप्रसाद धाकटा, मुंबईत कुरिअरच्या कामावर. “तो चार दिवस आधी येऊन बसलेला. नवं धोतर घेतलेलं त्याने. तू दारात उभा राहिलास, मग तो मागे सरला. बोलला काय नाय, पण जेवला पण नाय त्या दिवशी.”

“मग मला कशाला सांगितलंस?”

“सांगू नको? घरची बातमी ती. गाय व्याली सांगते, भात लावला सांगते, तसा पाट दिला सांगितला. मी तुला ये बोलले काय?”

विनोदने तो फोन आठवून पाहिला. बरॅकीच्या मागे, पाण्याच्या टाकीशी उभा राहून घेतलेला. आई ‘ये’ म्हणाली नव्हती. ते त्याने ऐकलं होतं, पण तिने म्हटलेलं नव्हतं. पाट डोक्यावर घ्यायची हौस त्याची स्वतःची होती, आणि त्या हौसेवर त्याने दोन वर्षं आईचं नाव घातलं होतं.

“तुला यायचं होतं म्हणून आलास,” ती म्हणाली. “त्यात काय वाईट? पण माझ्यावर ढकलू नको. आजारपण ढकल हवं तर.”

गुरुवारी सकाळी मंडणगडच्या डॉक्टरने चार मिनिटांत दाखला लिहून दिला. मान वर केली नाही. सावित्रीबाई बाकावर बसून राहिल्या होत्या, त्यांना आत बोलावण्याचीही गरज पडली नाही. कण्हायचं राहिलंच, असं त्या परतताना म्हणाल्या.

शुक्रवारी अकरा वाजता विनोद मुळीकांच्या टेबलासमोर होता. दाखला, फॉर्म, डिस्चार्ज बुक, सगळं क्रमाने लावलेलं. मुळीकांनी दाखला वाचला, मान डोलावली आणि कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडे वळवला.

“तुमची फाइल आलीय. हा तुमचाच अर्ज ना?”

अक्षर विनोदचंच होतं. हिंदीत लिहिलेलं. ‘महोदय, घर पर दूसरा कोई न होने के कारण मुझे स्कूल से गणपति को लाना है, अतः दस दिन की छुट्टी दी जाए.’ खाली तिथल्या हेडक्लार्कचा इंग्रजी शेरा होता आणि सही. मुळीकांनी तो बोट ठेवून वाचला. “मुलाला शाळेतून आणायला घरचं दुसरं कोणीही जाऊ शकतं. रजा नामंजूर.”

विनोदने शेरा दोनदा पाहिला. त्या वेळी त्याला फक्त नामंजूर एवढंच सांगितलं होतं.

मुळीकांचे खांदे हलायला लागले. “शिगवण, सरकारच्या दप्तरी तुम्हाला गणपती नावाचं पोरगं हाय. बोर्डिंगात शिकतंय!”

“साब, शाळा म्हणजे…”

“कळलं, कळलं. इतकी वर्षं हितं ऱ्हातोय मी. पंजाबातल्या माणसाला काय कळणार?” त्यांनी डोळे पुसले आणि ते पुन्हा टेबलाचे झाले. “पण घोटाळा झाला. फाइल म्हणतीय पोराला आणायचंय, दाखला म्हणतोय आई आजारी. वरचा माणूस दोन्ही शेजारी ठेवून बघणार.” त्यांनी पेनाचं टोपण दातांत धरलं. “असं करा. आई आजारी, म्हणून पोराला शाळेतून आणायला कुणी न्हवतं. दोन्ही कागद बसले.”

“पोरगा कुठाय, साब? मला एक मुलगी.”

“नाव काय?”

“मनस्वी.”

“गणपती हे लाडाचं नाव म्हणा.”

“मुलीचं?”

मुळीकांनी पेन खाली ठेवलं.

बाहेर व्हरांड्यात पेन्शनच्या दाखल्यासाठी आलेली म्हातारी माणसं बसली होती. कोणाची तरी काठी घसरून पडली. विनोदने डॉक्टरचा दाखला उचलला, चौघडी केली आणि शर्टाच्या खिशात घातला. मग फॉर्मवरच्या ‘इतर’ या चौकटीत खूण केली आणि खालच्या दोन ओळींत लिहिलं : घरचा गणपती आणायला स्वतःहून गेलो. घरी धाकटा भाऊ होता. कोणी बोलावलं नव्हतं.

मुळीकांनी उलटं वाचलं. “ही शेवटची दोन वाक्यं कशाला? कुणी इचारलंय?”

“जागा होती, साब.”

“लई शहाणे,” मुळीक म्हणाले, पण शिक्का मारला. अर्जाबरोबर त्यांनी स्वतःच्या हाताने एक टिपण जोडलं : ‘कोकणात गणेशमूर्ती घडवण्याच्या जागेस शाळा म्हणतात. उमेदवाराचा गैरसमजामुळे तोटा झाला आहे. विचार व्हावा.’ गैरसमज नेमका कोणाचा, हे त्यांनी लिहिलं नाही.

कोर्स चौदा जुलैला सुरू झाला. बावीस जुलैला कार्यालयात पत्र आलं. मुळीकांनी फोन करून विनोदला बोलावून घेतलं आणि पत्र वाचायला त्याच्याच हातात दिलं. फाइलमध्ये नमूद पाल्य गणपती विनोद शिगवण याचा शाळेचा दाखला, तसेच अवलंबितांच्या यादीत त्याची नोंद नसल्याचा खुलासा, पंधरा जुलैपूर्वी सादर करावा. अन्यथा प्रकरण बंद समजण्यात येईल.

“टिपण वाचलंच न्हाई कुणी,” मुळीक म्हणाले. या वेळी त्यांना हसू आलं नाही. “खुलासा पाठवू का? उपयोग न्हाई, पण पाठवतो.”

“नको, साब. बंदच समजा.”

“यायचा होता तसा शेवट आला म्हणायचं. कोर्सच्या नादानं चार इंग्रजी शब्द तरी कळले तुम्हाला.” मुळीकांना ते सांत्वन वाटलं असावं. विनोदने पत्राची झेरॉक्स मागितली. कशाला, ते मुळीकांनी विचारलं नाही.

दीपालीने ती झेरॉक्स वाचली, घडी करून डब्यात ठेवली. “दाखला जोडला असतात तर?” एवढंच तिने विचारलं, आणि ती भाकऱ्या थापायला बसली. तिने तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. त्याला ती विचारेल याचीच धास्ती आठवडाभर राहिली.

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तो फाटकावर असताना आईचा फोन आला. पाऊसपाणी झालं. लावणी आटपली होती. गाय आटली होती.

“पाट शाळेत दिलाय,” ती म्हणाली.

“आये, ये बोलतेस, की नुसती बातमी सांगतेस?”

पलीकडे पागोळ्या वाजत होत्या.

“पाट दिलाय, एवढंच.”

“कोणाच्या नावाने?”

“शिगवणांचा म्हणून दिला. नाव शाळेवाल्याने विचारलं नाय.”

“बरं,” विनोद म्हणाला.

बियांची पोती भरलेला एक टेंपो राजापूरहून आला होता आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. विनोदने नंबर लिहिला, फाटक उघडलं, लावलं. मग केबिनमध्ये जाऊन रजेची वही काढली. गणपतीसाठी आधीच सात जणांनी नावं घातली होती आणि कंत्राटदार दोघांनाच सोडणार होता. विनोदने आठवं नाव लिहिलं, तारखा लिहिल्या. शेवटचा रकाना कारणाचा होता. वरच्या सातही जणांनी तिथे एकच शब्द लिहिला होता : गणपती.

त्याने तो मोकळा ठेवला आणि वही बंद केली.