फराळाच्या डब्यातलं सैन्य: सातारा ते करावे

सर्वप्रथम एक तक्रार नोंदवतो, कारण ती ऐकून घ्यायला घरात कोणी तयार नाही. माझा चहाचा कप गेली कित्येक वर्षं शत्रूच्या ताब्यात आहे. पांढरा, जाड बुडाचा, कानाशी टवका उडालेला. त्यात सुमन, म्हणजे माझी पत्नी, ब्रश धुते. एकदा शाळेत जायच्या घाईत मी त्यातलं निळं पाणी चहा समजून प्यायलो. हलाहल पचवलं म्हणून नीलकंठाची स्तोत्रं झाली. मला मात्र "पाणी आत्ताच बदललं होतं हो मी," एवढंच ऐकावं लागलं.

हे ब्रश कशाचे, तर बोटभर उंचीच्या बुटक्यांचे. कुठल्याशा काल्पनिक राज्यातलं दाढीवाल्या बुटक्यांचं सैन्य असतं, राखाडी प्लास्टिकमध्ये येतं, आणि जगभरची शहाणी माणसं ते रंगवून स्पर्धेत मांडतात. आमचा मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला, तेव्हा त्याचा असा एक अर्धवट खोका माळ्यावर राहिला. "धूळ खातंय नुसतं," म्हणून सुमनने एक बुटका रंगवला. मग दुसरा. त्यांच्या अंगरख्यांना तिने आपल्या लग्नातल्या साड्यांचे काठ काढले. इरकली, पैठणी, सगळे. मी शाळेत संस्कृत शिकवतो. अक्षौहिणी म्हणजे किती हे मला तोंडपाठ आहे. ती माझ्या जेवणाच्या टेबलावर उतरेल असं वाटलं नव्हतं.

स्पर्धा नवी मुंबईत असते, हे तिला ठाऊक होतं. "पुढच्या वर्षी जाऊ," असं दरवर्षी चालायचं. यंदा उन्हाळ्यापासून तिचा उजवा हात कापायला लागला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, मी त्या नावाची फोड करून सांगितली, तिने दोन्ही ऐकलं नाही. घरी येऊन एवढंच म्हणाली, "हात आहे तोवर एकदा मांडून येऊ या." म्हणून निघालो.

जाणाऱ्यांसाठी उपयुक्त माहिती: प्रत्येक बुटक्याच्या पायाखाली लोहचुंबकाची चकती चिकटवा आणि त्याला स्टीलच्या डब्यात उभा करा. सगळं स्टील चुंबक धरत नाही. त्यामुळे साताऱ्यातल्या भांड्यांच्या दुकानात आमची बायको डब्यांना चुंबक लावत फिरली, आणि दुकानदार मला हळूच म्हणाला, "सर, वहिनींची तब्येत बरी आहे ना?" शेवटी फराळाचे मोठे डबे पास झाले. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, मला पूर्ण, सैन्य फुकट. खिडकीची जागा अर्थातच सैन्याला. खंबाटकीच्या वळणांवर आणि पुढे खंडाळ्याच्या उतारावर मी डबे मांडीवर धरून बसलो होतो. समोरच्या आजींनी अखेर विचारलंच, "लाडू का चिवडा?"

"बुटके," सुमन म्हणाली. आजींनी नंतर पनवेलपर्यंत आमच्याकडे पाहिलं नाही.

कळंबोलीला उतरा, तिथून खांदेश्वरला रिक्षा मिळते. खांदेश्वरला सुमनचा धाकटा भाऊ बाळू राहतो. मार्केटला कांदा-बटाट्याचा गाळा आहे त्याचा. त्याने दार उघडून पहिला प्रश्न केला, "दाजी, डब्यात काय आणलंय?" आजींपेक्षा तो आशावादी.

डबे उघडले तर एका म्हाताऱ्या ढोलवाल्याच्या ढोलाचा रंग खरचटला होता. सुमनने तो दुरुस्त केला. आता एकट्याला वार्निश मारलं तर तो वेगळा चमकेल, म्हणून सगळ्यांना गॅलरीत मांडून वार्निशचा शेवटचा फवारा एकसारखा मारून घेतला. साताऱ्यात तिने हे शेकडो वेळा केलंय. पण साताऱ्याची हवा कोरडी. इथे संध्याकाळची खाडीची दमट हवा, अंगाला शर्ट चिकटलेला. आम्ही चहाचे कप खाली ठेवेपर्यंत सगळं सैन्य पांढरं पडलं. अंगावर राख फासल्यासारखं. काठ गेले, डोळे गेले.

सुमनने एक बुटका उचलून दिव्याखाली धरला. मग दुसरा.

"ताई, टेन्शन नको घेऊ," बाळू म्हणाला. "महाबळेश्वरला चाललेत म्हणायचं. धुकं आहे."

"गप रे बाळ्या." मग माझ्याकडे वळून, "अहो, खोबरेल आणा. बारीक ब्रशने तेलाचा हात फिरवला तर बहुतेक निघतं, असं वाचलंय मी."

तिने ब्रश घेतला. प्रवासाने दमलेला हात ब्रशचं टोक बुटक्यावर ठरू देईना. तिने डाव्या हाताने मनगट धरून पाहिलं. एक बुटका आडवा झाला. मग तिने ब्रश माझ्यापुढे केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"मी?" मी म्हटलं. "मला देवाला गंध नीट लावता येत नाही."

"ते माहितीये. घ्या."

मी घेतला. "दाबू नका. बुटका आहे तो, ओटा नाही." "तेल कमी." "तेल कमी म्हटलं, भजी तळायचीत का?" असं करत एकेक बुटका माझ्या हाताखालून गेला आणि खरोखर पांढुरकेपणाखालून पैठणीचा मोर वर येऊ लागला. बाळूने मध्येच टोमणा मारला, "दाजी, रिटायर झाल्यावर गाळ्यावर या, कांदे पुसायला." फक्त ढोलवाल्याच्या दाढीवर आणि खांद्यावर पांढरं राहिलंच. मी घासायला गेलो तर तिने हात धरला.

"राहू दे. म्हातारा आहे तो."

सकाळी बाळूच्या टेम्पोतून निघालो. पाम बीच रस्त्याने जा, उजेड चांगला असतो आणि खाडीचा वास फुकट. आमच्या टेम्पोत त्यावर कांद्याचा वास वरचढ होता. स्पर्धा कराव्याजवळच्या एका समाजमंदिराच्या सभागृहात. इतरांच्या टेबलांवर युद्धं पेटली होती, ड्रॅगन, ज्वाळा, तुटलेली मुंडकी. मी सुमनला चक्रव्यूह सुचवला होता. तिने मांडला मुक्काम. एक बुटका जोडा शिवतोय, एक पाय चेपून घेतोय, कडेला ढोलवाला ढोलावर डोकं ठेवून बसलाय. "लढाईत काय बघायचंय?" ती म्हणाली. "दमलेली माणसं रंगवायला बरी."

चहा द्यायला गावातलीच एक मावशी होती. ट्रे हातात धरून ती आमच्या टेबलाशी थबकली.

"ह्ये सगलं तुमी हातान रंगवलंय? आनी डोलं पन?"

"डोळे पण," सुमन म्हणाली.

"आनी ह्यो म्हातारा? मिठागरातून आलाय काय? दारीवर मीठच मीठ!"

सुमन इतकी हसली की चहा बशीत सांडला. आदल्या संध्याकाळपासून पहिल्यांदा हसली ती.

परीक्षक कपाळाला बॅटरी बांधलेला एक तरुण होता. आमच्या टेबलाशी तो बराच वेळ वाकून उभा राहिला. शेवटी ढोलवाल्याकडे बोट करून म्हणाला, "मॅम, हे पांढरं वार्निशचं ना?"

"हो, चूक माझी," सुमन म्हणाली. "दमट हवेत मारायचं नसतं. ध्यानातच आलं नाही."

"आणि हे काठ? भिंगाखाली?"

"यांच्या भिंगाखाली. पोथीचं आहे." माझी दुसरी तक्रार, पोथी वाचायचं भिंग सारखं जातं कुठे ही, इथे परस्पर निकाली निघाली.

बक्षीस मिळालं नाही. पोटात दिवा लागणारा ड्रॅगन जिंकला. सुमनने त्याच्या मालकाला मनापासून शाबासकी दिली आणि मला म्हणाली, "छान होता. बल्ब घालून कोणीही छान दिसेल म्हणा." निघताना परीक्षक धावत आला. "मॅम, पुढच्या वर्षी काय आणताय?"

"बघू," ती म्हणाली.

दुपारी गावातल्या खानावळीत बाळू आणि तिने बोंबील खाल्ले. मी वरणभात, दोनशेच्या आत तृप्त होता येतं, बोंबलांचा हिशोब बाळूलाच ठाऊक. ती चवीने जेवली, भावाची थट्टा केली, पाम बीचवर टेम्पो थांबवून खाडी पाहिली. परतीच्या एसटीत डबे तिने माझ्याकडे न देता वरच्या फळीवर ठेवले. मला खिडकी मिळाली.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात गेलो तर माझा कप फडताळात होता. घासलेला. टवक्यात वर्षानुवर्षं बसलेला निळा रंगसुद्धा काढलेला. तिचे ब्रश रबर लावून खणात ठेवलेले. मी त्या कपातून चहा प्यायलो. चहा चांगला होता.

तिने सैन्य काचेच्या कपाटात मांडलंय. येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवते, ढोलवाल्याची मिठागराची गोष्टही सांगते. माळ्यावरच्या खोक्यात अजून काही राखाडी बुटके आहेत. ते खाली काढू का, असं विचारलं तर म्हणते, "कशाला?"

काल मी कप धुऊन त्यात स्वच्छ पाणी भरून तिच्या टेबलावर ठेवला. आज हे लिहितोय तेव्हाही पाणी स्वच्छच आहे. हात कापतो त्याला गोळ्या आहेत, आणि तेल लावण्यापुरता माझा हातही आहे. ती आपण होऊन थांबली असेल तर मी काय करायचं, ते मला माहीत नाही. मला त्याची भीती वाटते.