पूजेनंतर बंद पडलेली पेटी

कळंबोलीतल्या ज्या ऑफिसात मी कॉलेज सुटल्यावर काम करते, तिथे भिंतीवर फोनची एक पांढरी पेटी आहे. सगळ्या टेबलांवरचे फोन तिला जोडलेले आहेत. राउटरही तिच्यातच असल्यामुळे कम्प्युटरला इंटरनेट तिच्यातूनच येतं. करंजा बंदरातून निघणाऱ्या मासळीच्या कंटेनरची कागदपत्रं आम्ही ऑनलाइन भरतो. मी बीएस्सी आयटीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच.

दसऱ्यानंतर ऑफिस उघडलं त्या दिवशी कॉलेजला अजून सुट्टी होती, म्हणून मी सकाळीच आले. फोन चालत होते, पण इंटरनेट नव्हतं. एका कंटेनरचे कागद चारच्या आत भरले नाहीत तर जहाज चुकणार होतं.

“वैनी, तुमीच पानी उडवलंत पेटीवर,” शेठ ताईंना म्हणाले.

ताई आमच्याकडे फोनवर बसतात, पंधरा वर्षं झाली. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी सगळी यंत्रं बंद करून पूजा त्यांनीच केली होती. हळदकुंकू वाहिलं, झेंडूच्या फुलाने पाणी शिंपडलं.

“दोन थेंब हो, शेठ.”

“दोन थेंब? आमच्या मिठागरात नाय एवढं पानी.” मग ते माझ्याकडे वळले. “तू कम्प्युटरचं शिकतेस ना? बघ जरा.”

मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर अशी पेटी मी फक्त फळ्यावर काढलेली पाहिली होती, एक चौकोन आणि त्यातून निघणाऱ्या रेघा.

मी पेटी बंद केली, पाच मिनिटं थांबले, चालू केली. तेच. कम्प्युटर बंद-चालू केले. तेच. मोबाइलवरून इंटरनेट जोडून पाहिलं, पण आमच्या गाळ्याला चारी बाजूंनी लोखंडी गोदामं आहेत. कागद अर्धे चढायचे आणि अडकायचे. इंटरनेटवाल्यांना फोन लावला. बराच वेळ गाणं ऐकल्यावर एक मुलगी म्हणाली, लाइन तुमच्या पेटीपर्यंत व्यवस्थित येतेय, मॅडम. तिला काय विचारायचं ते मला सुचलं नाही. मी थँक्यू म्हणून फोन ठेवला.

शेठ दर थोड्या वेळाने येत. “सुकली का पेटी?” असं मला विचारत आणि ताईंकडे बघत. ताई मधेच उठून कोरड्या फडक्याने पेटी पुसायच्या आणि परत जागेवर बसायच्या. त्यांनी डबाही उघडला नाही.

तीन वाजता मी स्टुलावर चढून वायरी एकेक करून बघू लागले. खाली एका ओळीत चार भोकं, कम्प्युटरसाठी. थोडं बाजूला पाचवं, तसंच दिसणारं, बाहेरून येणाऱ्या लाइनसाठी. ते रिकामं होतं. बाहेरची वायर चौथ्या भोकात होती.

आणि मला आठवलं. पूजेआधी पेटी मीच पुसली होती. धूळ नीट निघावी म्हणून खालच्या वायरी काढल्या आणि परत लावताना चारही, तीन कम्प्युटरच्या आणि एक बाहेरची, ओळीने लावल्या. पूजेला नीटनेटकं दिसावं, एवढंच मनात होतं. कम्प्युटर बंदच होते, त्यामुळे कुणाला कळलं नाही.

मी वायर काढून पाचव्या भोकात लावली. मिनिटभरात इंटरनेट आलं. साडेतीनच्या सुमारास कागद गेले.

“बघा वैनी,” शेठ म्हणाले, “शिकलेलं मानूस असं असतं. तुमी पानी घाला, पोरगी काढंल.”

माझ्या शिक्षणाबद्दल ऑफिसात कुणी असं पहिल्यांदाच बोललं होतं. मला ते हवं होतं, हे लपवत नाही. मी पुढच्या कंटेनरचे कागद उघडले. शेठ निघायला लागले तेव्हा म्हटलं, “शेठ, पाण्याने नाही झालं. पुसताना वायर मीच चुकीची लावली होती.”

शेठ दारात थांबले. “मग सकालपासून वैनी बोलनी खातायत त्याचं काय?”

मला तीन वाजता कळलं, हे खरं होतं. पण नंतरही मी गप्प बसले होते.

ताई फडकं हातात घेऊन उभ्या होत्या. “मला वाटलं माझंच झालं,” त्या हळूच म्हणाल्या. “मी घरी फोन करून सांगितलंसुद्धा.”

रोज स्टॉपपर्यंत आम्ही बरोबर चालत जातो. त्या संध्याकाळी त्या माझ्यासाठी थांबल्या नाहीत. मी एकटीच रोडपालीच्या बाजूने चालत गेले. पाय दुखत होते, आणि घरी काय सांगायचं तेही ठरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा ताई स्वतःच स्टूल घेऊन पेटीखाली उभ्या होत्या.

“कुठलं भोक ते दाखव मला,” त्या म्हणाल्या. “आणि सावकाश सांग.”