पण-समजाची रिक्षा

सगळी गल्ली त्याला 'पण-समजा' म्हणायची, आणि काय चुकीचं म्हणायची? चुलीवर दूध ठेवलं की ते उतू जायच्या आधी हा फडकं घेऊन उभा. उभा जन्म इस्पितळातली लिफ्ट सांभाळण्यात गेला. मधेच अडकलेल्या लिफ्टमधून माणसं कशी हाका मारतात, ते ऐकून ऐकून जी धास्ती बसली ती बसलीच. चालत्या यंत्रावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता.

आणि अशा माणसाकडे ताईने मागावं काय, तर समुद्र!

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. शिंप्यांच्या दुकानांसाठी काजं करून तिने ह्याला वाढवलं, आणि डोळे त्या काजांतच गेले. उरलीसुरली नजरही आता भराभर जाणार, असं डॉक्टरने स्पष्टच सांगितलं. ती रडली नाही. घरी येऊन म्हणाली, "एकदा समुद्र दाखव बाबा. नंतर नुसता आवाज ऐकून काय करू?"

बसच्या पायऱ्या तिच्या गुडघ्यांना झेपत नव्हत्या आणि बंद मोटारीत तिला मळमळायचं. म्हणून कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडून जुनी तीनचाकी रिक्षा भाड्याने घेतली. चालवणार हाच.

झालं, नमनालाच घडाभर तेल! आज प्लग बदल, उद्या ब्रेक बघ, परवा टायरमधली हवा. ताई रोज सकाळी केस विंचरून, चपला घालून, मांडीवर पिशवी घेऊन पायरीवर बसायची आणि ऊन चढलं की मुकाट्याने चपला काढायची.

"निघायचं का रे?"

"निघू गं. पण समजा, घाटात क्लचची केबल तुटली तर?"

मग जादा केबली आणल्या. एक क्लचची, एक ॲक्सिलरेटरची. दोन्ही दिसायला सारख्याच, म्हणून ताईने स्वतःच्या हाताने एकीला लाल दोरा बांधला, दुसरीला निळा. गाठी अशा की बघत राहावं.

गॅरेजवाला येता-जाता हसायचा. "अहो, वाटेत गॅरेजं आहेत की! का गॅरेजच घेऊन निघालात?"

ह्याला राग यायचा. बोलायला काय जातं लोकांचं! भर रस्त्यात गाडी बंद पडली आणि ताई उन्हात बसून राहिली तर हा हसणारा येणार होता का? रात्री अंथरुणावर पडलं की कानात इंजिन फडफडायचं, आणि हा उठून पुन्हा नटबोल्ट चाचपायचा.

शेवटी एका सकाळी म्हणाला, "ताई, आज नक्की!" जॅक, ऑइलचा डबा, दोन स्टेपन्या, पान्ह्यांची पेटी, पंक्चरचं सामान, सगळं भरलं. ताई काठी टेकत आली, हाताने सीट चाचपली आणि म्हणाली, "अरे शहाण्या, मी कुठे बसू?"

खरंच की! मागच्या सीटवर बोट ठेवायला जागा नव्हती. गॅरेजवाला पोट धरून हसला. पण-समजा खजील झाला, पण हट्ट सोडला नाही.

"थांब, नीट लावतो. ती लाल दोऱ्याची केबल दे बरं."

ताईने दोन्ही केबली हातात घेतल्या. लख्ख उजेड होता. तिने एक डोळ्यांजवळ नेली, मग दुसरी. मग एक पुढे केली.

निळी.

त्याने ती तशीच घेतली. निळ्या गाठीकडे बघत राहिला. आपण रोज एक-एक सुटा भाग आणत होतो आणि इकडे हिची नजर रोज थोडी-थोडी जात होती! त्याला स्वतःचीच चीड आली. त्याने जॅक काढून पायरीवर ठेवला. मग डबा, पेटी, टायर, सगळं.

"अरे, काय करतोस?"

"बस तू."

तिला आत बसवलं, मांडीवर पिशवी दिली. रिक्षा खोकत, धूर सोडत गल्लीबाहेर पडली. मोठा रस्ता लागला. तशी ताईच घाबरून पुढे वाकली.

"सगळं घरीच टाकलंस रे. पण समजा, बंद पडली तर?"

"पडली तर ढकलीन," तो मागे न बघता म्हणाला. "तू बाहेर बघ, ताई. आत्तापासूनच बघ."